काटोलची उल्का, ब्रिजमनाइट आणि वावरातला काळा गोटा: ओळखायचं कसं, किंमत काढायची कशी

मावसभावाचं वावर काटोलकडे आहे, थोडी संत्र्याची झाडं, बाकी कापूस. मागच्या उन्हाळ्यात वखरणी चालू असताना त्याला धुऱ्याजवळ एक काळा जड गोटा भेटला आणि लगेच मला फोन, दादा उल्का सापडली, याच्यात ते काटोलच्या उल्केतलं ब्रिजमनाइट नावाचं खनिज असंन ना, ग्रॅमला काय भाव चालू आहे? मी एकच विचारलं, धुतला काय? तर म्हणे हो, साबण लावून तारेच्या ब्रशनं घासला, मस्त चमकून राहिला आता. बाप्पा! हे ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. म्हणून म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहूनच टाकू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर उल्केतल्या ब्रिजमनाइटचा भाव सांगणारा तो व्हिडिओ फिरायला लागल्यापासून ज्याला त्याला आपल्या वावरातला दगड कोटीचा वाटून राहिला.

आधी काटोलचं खरं काय ते सांगतो. २२ मे २०१२, दुपारची वेळ, नागपूर जिल्ह्यातलं काटोल, म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले ते कडक नऊ दिवस, लागायला तीन दिवस होते. आकाशातून दगड पडले, एक नाही बरेच, गावात आणि आजूबाजूच्या वावरांत, सगळे मिळून साधारण १३ किलो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे आपलं नागपूरच्या सेमिनरी हिल्सवालं जीएसआय, त्यांच्या लोकांनी येऊन ते गोळा केले. तपासणीत निघालं की हा एल६ प्रकारचा कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी उल्का आहे. एल म्हणजे लोह कमी असलेला गट, आणि ६ म्हणजे ज्या लघुग्रहाचा हा तुकडा त्याच्या पोटात हा दगड इतका भाजून निघाला की आतले मूळचे गोल दाणे, त्याला कॉन्ड्रूल म्हणतात, ते पुसट होऊन गेले. आता एक गोष्ट लक्षात घ्या, उल्कांच्या दुनियेत एल६ म्हणजे किराणा दुकानातली तुरीची डाळ, सगळीकडे मिळते. म्हणजे काटोलचा दगड प्रकारानं काही खास नाही. खास आहे ते त्याच्या शिरांमध्ये.

२०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांच्या टीमनं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात पेपर छापला की काटोलच्या दगडात ज्या काळ्या बारीक शिरा आहेत त्यात त्यांना ब्रिजमनाइट भेटलं. हे खनिज म्हणजे मोठी गंमत आहे. दुर्मिळ म्हणावं तर पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा साधारण ३८ टक्के भाग याचाच आहे, याच्याइतकं दुसरं कोणतंच खनिज पृथ्वीत नाही. पण ते आहे कुठं, तर जमिनीखाली ६६० किलोमीटरपासून पुढे पार २७०० किलोमीटरपर्यंत. वर आणायचं म्हटलं तर दाब सुटतो आणि ते ब्रिजमनाइट राहतच नाही, दुसरंच काहीतरी होऊन जातं. शास्त्रज्ञ कित्येक वर्षं लॅबमध्ये ते बनवून राहिले होते पण निसर्गातला नमुना हातात नाही म्हणून त्याला धड नावसुद्धा नव्हतं, कारण खनिजाला अधिकृत नाव द्यायचं तर नैसर्गिक नमुना लागतो. तो भेटला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १८७९ साली पडलेल्या टेनहॅम नावाच्या उल्केत, ती पण एल६च, आणि २०१४ मध्ये नाव पडलं ब्रिजमनाइट, पर्सी ब्रिजमन यांच्यावरून, ज्यांना प्रचंड दाबाखालच्या पदार्थांच्या अभ्यासासाठी १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

मग काटोलचं वेगळं काय? तर टेनहॅममधल्या ब्रिजमनाइटची घडण पृथ्वीच्या पोटात जशी असायला पाहिजे तशी नव्हती. काटोलचं जुळलं, त्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही आहे आणि लॅबमध्ये तीस वर्षं जे बनवत होते त्याच्याशी अगदी जवळून मिळतं. म्हणजे आपल्या पायाखाली हजारभर किलोमीटरवर काय आहे त्याची चिठ्ठी आकाशातून काटोलच्या वावरात येऊन पडली. हे झालं कसं तर अवकाशात कधीतरी दोन लघुग्रहांची जबरदस्त टक्कर झाली, त्या धक्क्यानं दगडात बारीक पट्ट्या वितळल्या, २३ ते २५ गिगापास्कल दाब आला, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या सव्वादोन ते अडीच लाख पट, त्यात त्या वितळलेल्या रसातून हे खनिज जमलं, आणि रस पटकन थंड झाल्यामुळे ते तसंच अडकून राहिलं.

आता मुद्द्याचं. हे कण मायक्रॉनच्या हिशोबातले. केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरा आणि मग विचार करा. डोळ्यांनी दिसत नाही, भिंगातून दिसत नाही, चवीनं-वासानं तर प्रश्नच नाही, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा झोत जास्त वेळ त्यावर ठेवला तर ते काच होऊन जातं. म्हणून कोणी म्हणत असंन की माझ्याकडे ब्रिजमनाइटचा खडा आहे, हिरवा आहे, निळा आहे, अंगठीत बसवला आहे, तर तो एकतर फसला आहे नाहीतर फसवून राहिला आहे. तुम्ही घरी ओळखू शकता त्या दोनच गोष्टी, हा दगड उल्का असू शकतो का, आणि असला तर त्यात धक्क्याच्या काळ्या शिरा आहेत का. त्यापुढचं सगळं लॅबचं काम.

तर दगड सापडला. पहिलं काम, हात लावायच्या आधी फोटो. जसा पडलेला आहे तसा, बाजूला पेन नाहीतर दहाचं नाणं ठेवून, आणि एक फोटो जरा दुरून, ज्यात धुरा, झाड, विहीर असं काहीतरी ओळखीचं दिसंन. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. मग स्वच्छ कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उचला, पिशवी उलटी करून तोंड बंद. धुवायचं नाही. घासायचं नाही. तेल, शेंदूर, हळद-कुंकू काहीच लावायचं नाही, आपल्याकडे काळा गोटा दिसला की बांधावर देव करून मोकळं होतात म्हणून सांगून राहिलो. या दगडात धातूचं लोह असतं आणि विदर्भाच्या पावसात ते लगेच गंजायला लागतं. काटोलचे दगड नशीबवान, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात पडले आणि पावसाच्या आत उचलले गेले, हेच जुलैत पडले असते तर चिखलात महिनाभरात त्यांचा रंगच बदलला असता.

मग बघायचं कातडं. नुकत्याच पडलेल्या उल्केला बाहेरून पातळ काळी साल असते, मिलिमीटरभर नाहीतर त्याहून कमी, चमकदार कमीच, बहुतेक वेळा मळकट काळी. हवेतून येताना वरचा थर वितळून तयार होते ती. भरताचं वांगं चुलीवर भाजलं की साल काळी आणि आत फिकट असतं ना, अगदी तसं, कुठे टवका उडाला असंन तर आत राखाडी दिसते. इथंच आपला नागपूरचा काळा दगड पकडला जातो, कारण त्याचं उलटं असतं, बाहेरून ऊन-पावसानं तांबूस नाहीतर भुरकट झालेला आणि फोडला की आत काळाभोर. हा एक फरक डोक्यात बसला तरी अर्धे फोन कमी होतील. काही उल्कांवर ओल्या कणकेत अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात पण सगळ्यांवर नसतात, ते नाही म्हणून फेकू नका. आणि भोकं, फुगे, स्पंजासारखं काही दिसलं तर जवळपास नक्कीच उल्का नाही, ते भट्टीचं काम.

चुंबक लावा पण शिस्तीत. लोक जुन्या हार्ड डिस्कमधला नाहीतर स्पीकरमधला तगडा चुंबक काढून दगडावर फटकन चिकटवतात आणि व्हिडिओ टाकतात. असं करू नका, दगडात अब्जावधी वर्षांपूर्वीच्या चुंबकत्वाची नोंद जपलेली असू शकते आणि तुमचा चुंबक ती एका सेकंदात पुसून टाकतो. फ्रिजवरचा साधा चुंबक दोऱ्याला बांधा आणि दगडाजवळ न्या, न टेकवता, दोरा तिरपा होतो का बघा. एल६ मध्ये धातू असतो म्हणून ओढ जाणवते. पण ओढ जाणवली म्हणजे उल्का, असं नाही ना भाऊ, बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं, तोही थोडा ओढतो, लोणारच्या काठची काळी रेतीसुद्धा चुंबकाला चिकटते आणि ती उल्केची नाही, इथल्याच काळ्या दगडाची आहे. आणि ओढ नाही म्हणजे उल्का नाही, हेही खरं नाही. गुजरातेत बनासकांठ्यात दियोदरला १७ ऑगस्ट २०२२ ला पडलेली उल्का ऑब्राइट प्रकारची निघाली, त्यात धातू नावालाच असतो. भारतात तसा प्रकार त्याआधी एकदाच पडलेला, १८५२ मध्ये बस्तीला. म्हणजे चुंबकवाल्या परीक्षेत नापास होणारी उल्का सगळ्यात दुर्मिळ निघू शकते.

वजनाची परीक्षा मला सगळ्यात आवडते. शाळेत शिकवतात की दगड पाण्यात बुडवा, पण आपल्याला पाणी नको. राजगिरा घ्या. स्टीलचा डबा काठोकाठ राजगिऱ्यानं भरा, पट्टीनं वरून सपाट करा. सगळा राजगिरा परातीत काढा, डब्यात थोडा राजगिरा टाकून त्यावर दगड ठेवा, बाकीचा राजगिरा ओतत ओतत भरा, हलकं ठोका, पहिल्या वेळेस जितकं ठोकलं तितकंच, आणि परत सपाट करा. जो राजगिरा उरला तेवढी दगडाची जागा. तो मापाच्या भांड्यात मोजा. समजा दगड ३४० ग्रॅम आणि उरलेला राजगिरा १०० मिलिलिटर, तर घनता आली ३.४. एल गटाच्या कॉन्ड्राइटची घनता याच्याच आसपास असते. आपला बसाल्ट २.८ ते ३ मध्ये, हेमटाइट म्हणजे लोखंडाचं खनिज ५ च्या घरात, मॅंगनीजचं खनिज ४ च्या वर. तीनदा करा आणि सरासरी घ्या, एकदाच करून मला फोन करू नका. आणि तो राजगिरा नंतर लाडवात टाकू नका, घरच्यांनी मला एकदा चांगलंच झापलं आहे.

आता आपल्या भागात उल्का म्हणून काय काय फिरते ते सांगतो, कारण इथंच खरी मजा आहे. नागपूर दोन वेगवेगळ्या जमिनींच्या सीमेवर बसलेलं शहर, पश्चिमेकडे दख्खनचा काळा कातळ, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, आणि पूर्वेकडे फार जुने दगड. त्यातच मॅंगनीजचा पट्टा, मनसर, कांद्री, गुमगाव, तिकडे भंडाऱ्याकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. मॅंगनीजचा गोटा काळा, जड, कधीकधी द्राक्षाच्या घडासारखा गुठळ्यांचा, हात काळे करतो, आणि हातात घेतल्यावर कोणालाही वाटते की हा काही इथला नाही. न चकाकणाऱ्या टाइलवर, म्हणजे बाथरूमच्या टाइलच्या मागच्या बाजूवर, बारीकसं ओढून बघा, काळी रेघ आली तर मॅंगनीज नाहीतर मॅग्नेटाइट. लाल रेघ आली तर हेमटाइट, गडचिरोलीच्या सुरजागडवाल्या खनिजासारखं. उल्केची बहुतेक रेघ येतच नाही, आली तर पुसट राखाडी. पण ज्या दगडाला वर सांगितलेली काळी साल दिसून राहिली त्यावर हा प्रयोग करूच नका, ती सालच त्याची ओळख आहे.

दुसरं म्हणजे भट्टीचा माल. वीटभट्टीतला खंगर, कोराडी-खापरखेड्याकडचं राखेतलं भाजकं कोळशाचं ढेकूळ, लोखंडाच्या नाहीतर फेरोमॅंगनीजच्या कारखान्यातलं स्लॅग, म्हणजे धातू गाळून उरलेली मळी, जे मुरमासारखं रस्त्यात भरायला वापरतात आणि मग ट्रॅक्टरमधून कुठल्या कुठे जाऊन पडते. स्लॅग फसवतं कारण त्याला वितळलेलं काळं कातडं असते, आत धातूचे थेंब असतात, चुंबकाला पण चिकटतं कधीकधी. फरक काय, तर स्लॅगमध्ये फुगे असतात, काचेसारखी चमक असते, आणि धातू गोल थेंबासारखा असतो. उल्केत धातू दाण्या-दाण्यांनी, वाकडातिकडा, पूर्ण दगडात विखुरलेला, जसे चिवड्यात शेंगदाणे. मीसुद्धा पहिला जो दगड छातीठोकपणे उल्का म्हणून दोन महिने शोकेसमध्ये ठेवला होता तो स्लॅगच निघाला, नागपूर-इटारसी रुळाच्या बाजूला सापडलेला, आणि ते मला भूगर्भशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनं दहा सेकंदात सांगितलं. लाज वाटली पण शिकलो.

आणि आकाशातून पडताना पाहिलं म्हणजे उल्काच असंही नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, अर्ध्या विदर्भानं आकाशात जळत जाणारी ती लांब रेघ पाहिली, सगळे म्हणे उल्कावर्षाव, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सापडली ती धातूची भलीमोठी रिंग, रॉकेटचा तुकडा. हळू हळू, आडवी, तुकडे तुकडे होत जाणारी रेघ असंन आणि अर्धा-एक मिनिट दिसून राहिली तर ते बहुतेक माणसाचंच बनवलेलं. उल्का काही सेकंदांत खेळ संपवते.

समजा तुमचा दगड या सगळ्यातून पास झाला आणि त्याची एक बाजू आधीच फुटलेली आहे. आधीच फुटलेली म्हटलं, तुम्ही हातोडा घ्यायचा नाही. दहापट दाखवणारं भिंग घ्या, इतवारीच्या सराफ्यात वापरतात तसलं, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फुटलेली बाजू बघा. राखाडी, साखरेसारखं दाणेदार, मधेमधे धातूचे चमकणारे ठिपके, गोल दाणे जवळपास नाहीत, असं असंन तर प्रकार ५-६ कडे जाणारा दगड. आता शिरा शोधा. केसापासून ते मिलिमीटरभर जाडीच्या, काळ्या, जशा कोणी शाईच्या पेननं रेघ ओढावी, दगडातून आरपार जाणाऱ्या, कधी फाटे फुटलेल्या. बाहेरची काळी साल भेगेतून आत गेलेली असली तर तीही शिरेसारखी दिसते, पण ती कडेलाच संपते, आत खोलवर जात नाही. आरपार गेलेली काळी शीर दिसली तर हा दगड जबरदस्त धक्का खाल्लेला आहे, आणि ब्रिजमनाइट, रिंगवूडाइट, मेजोराइट ही प्रचंड दाबाखाली बनणारी सगळी खनिज-मंडळी असली तर या शिरांमध्येच असतात. रिंगवूडाइट निळं-जांभळं असते पण तेसुद्धा पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावरच दिसते, उगाच भिंगात निळा ठिपका दिसला म्हणून नाचू नका, तो शर्टाचा धागा असू शकते.

घरचं काम इथं संपलं. पुढची साखळी नुसती माहिती असावी म्हणून सांगतो. दगडाचा काप करतात, इतका पातळ की प्रकाश आरपार जावा, मग मायक्रोप्रोब नावाच्या यंत्रानं ऑलिव्हिन या खनिजातलं लोह मोजतात, त्यावरून एल की जास्त लोहवाला एच गट ते ठरते. शिरांवर रामन स्पेक्ट्रोस्कोपी करतात, हो, आपल्या सी. व्ही. रामन यांच्याच शोधावरची, आणि ते स्वतः नोकरीनिमित्त काही काळ नागपूरला होते हे बहुतेकांना माहीत नसते. मग जिथं शंका येते तिथला सूक्ष्म तुकडा कापून ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याची स्फटिकरचना बघतात. टेनहॅमच्या वेळेस तर शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण वापरावे लागले. म्हणजे कोणी तुम्हाला पाच हजार रुपयांत ब्रिजमनाइटचं सर्टिफिकेट देतो म्हणाला तर चहा पाजून रवाना करा.

आता भावाचं. ब्रिजमनाइटचा ग्रॅमला भाव किती? नाहीच. जे वेगळं काढता येत नाही, काढलं तर टिकायची खात्री नाही, त्याला तराजूत कोण टाकंन. विकला जातो तो पूर्ण दगड, आणि दगडाचा भाव पुढच्या गोष्टींवर ठरतो. पहिली, प्रकार. साधे कॉन्ड्राइट, सहाराच्या वाळवंटातून येणारे, नाव-गाव नसलेले, परदेशी बाजारात ग्रॅमला एखाद-दोन डॉलरला, कधी त्याहून कमीला जातात. चंद्र आणि मंगळाचे तुकडे शेकडो डॉलर ग्रॅम. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मंगळाचा २४.६७ किलोचा दगड साधारण ५३ लाख डॉलरला गेला, म्हणजे ग्रॅमला सव्वादोनशे डॉलरच्या आतच, आणि तो पृथ्वीवर सापडलेला मंगळाचा सगळ्यात मोठा तुकडा होता. हा आकडा मुद्दाम सांगून राहिलो, कारण मावसभावाच्या व्हिडिओतला भाव याच्याहून जास्त होता.

दुसरी गोष्ट, पडताना पाहिलेली की नंतर सापडलेली. तारीख, वेळ, गाव माहीत असलेल्या दगडाला नेहमी जास्त मान. तिसरी, एकूण किती माल आहे जगात. काटोलसारखा १३ किलोच असंन आणि त्यातला बहुतेक संस्थांकडे असंन तर तुकडा मिळणंच मुश्किल. चौथी, साल किती टक्के शाबूत आहे, गंज किती, कोणी साबणानं घासला तर नाही. पाचवी, तो कशाला लागला का. १९९२ मध्ये अमेरिकेत पीकस्किलला उल्का एका उभ्या कारवर पडली तर त्या ठोकर खाल्लेल्या कारलासुद्धा संग्राहकानं विकत घेतलं आणि ती प्रदर्शनांत फिरून राहिली. आणि या सगळ्याच्या वर कागद. दगड अधिकृत यादीत नोंदला गेला का, त्याचा नमुना संस्थेत ठेवला का. नियम असा की वर्गीकरण करायचं तर दगडाचा २० टक्के भाग किंवा २० ग्रॅम, जे कमी असंन ते, मान्य संस्थेत जमा ठेवावं लागते. लोक म्हणतात अरे २० ग्रॅम गेले, पण त्या २० ग्रॅमशिवाय बाकीचा दगड हा नुसता दगड आहे.

बातम्यांवरून भाव काढू नका, याचं उत्तम उदाहरण इंडोनेशियाचं. ऑगस्ट २०२० मध्ये सुमात्रात एका शवपेट्या बनवणाऱ्या कारागिराच्या पत्र्यातून दोन किलोहून थोडा जड कार्बनी प्रकारचा दगड आत आला. जगभर बातमी, १८ लाख डॉलरचा मालक झाला. हा आकडा आला कुठून, तर कोणीतरी ऑनलाइन विकायला ठेवलेल्या चिमूटभर तुकड्याच्या भावाला पूर्ण वजनानं गुणलं. प्रत्यक्षात त्याच्या हातात साधारण १४ हजार डॉलर आले. आणि तो एल६ पेक्षा कितीतरी दुर्मिळ प्रकार होता.

आपल्याकडचं तर अजून वेगळं आहे. भारतात पडलेल्या उल्कांची अधिकृत राखण जीएसआयकडे आहे, त्यामुळे परदेशी बाजारभाव हा आपल्यासाठी दगडाचं मोल समजण्यापुरता, विकायचा, बाहेर पाठवायचा विचार डोक्यातून काढा. जो माणूस रात्री गाडी घेऊन येतो आणि म्हणतो पावती नको, कॅश देतो, आधी तपासणीचे पन्नास हजार भरा, त्याचा आणि तांदूळ ओढणाऱ्या भांड्यावाल्याचा धंदा एकच. राइस पुलर, मांडूळ, पैशाचा पाऊस, आणि आता उल्का. आपल्या भागात हे नवीन नाही. तसंच ते मॉइसनाइट, सराफ्यात उल्केतलं रत्न म्हणून दाखवतात. खनिज खरंच उल्केत सापडलं होतं, हेन्री मॉइसान यांना १८९३ मध्ये, अ‍ॅरिझोनाच्या कॅन्यन डायब्लो उल्केत, पण दुकानात मिळणारं सगळं कारखान्यात बनवलेलं सिलिकॉन कार्बाइड असते. चांगलं चमकते, हौसेनं घ्या, फक्त आकाशातलं म्हणून जास्त पैसे देऊ नका.

मावसभावाच्या गोट्याचं म्हणाल तर राजगिऱ्यानं ४.२ आली, टाइलवर काळी रेघ, हात काळे. मॅंगनीज. कोणीतरी कधीतरी भराव टाकायला आणलेल्या ट्रॉलीतून पडला असंन. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पण तुमचा पास झाला तर असं करा. दगड कोरड्या झिपच्या पिशवीत, सोबत बुटाच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, वरून अजून एक पिशवी. वेगळ्या कागदावर लिहा, सापडला ती तारीख, वेळ, गाव, वावराचा गट नंबर, मोबाइलमधले अक्षांश-रेखांश, वजन, किती खोल खड्डा होता की नुसता वर पडलेला होता, आवाज कोणी ऐकला, कोणत्या दिशेनं. पडताना पाहिला असंन तर पोलीस पाटलाला आणि तहसीलला त्याच दिवशी कळवा, म्हणजे सरकारी नोंद होते. मग सेमिनरी हिल्सला जीएसआयच्या मध्य क्षेत्राच्या ऑफिसात न्या, आधी फोन करून जा, सुट्टीच्या दिवशी जाऊन गेटवर भांडू नका. ते जमत नसंन तर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात नुसते फोटो दाखवले तरी तिथली पोट्टी सांगून देतात की पुढे जायचं की दगड कुंपणाला लावायचा. सिव्हिल लाइन्सच्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्समध्ये लोक चुकून जातात, ते खाणींचं ऑफिस आहे, उल्केचं नाही.

दगड त्यांच्याकडे ठेवून घेतला तर पोचपावती मागा, आणि पावतीवर वजन ग्रॅममध्ये, सापडल्याचं गाव आणि तुमचं नाव शाईनं लिहून घ्या.